आमच्या हिचे घरत सर

घरत सरांबद्दल मी चांगलंच लिहायला बसलो आहे, हे आधी सांगून ठेवतो. कारण मध्येमध्ये तसं वाटणार नाही. त्या माणसाने माझ्या बायकोला बरं केलं. एवढं एक वाक्य कागदावर यायला दोन वर्षं गेली, आणि आत्ताही पुढे ‘असं ती म्हणते’ हे जोडावंसं वाटून गेलं.

चौलला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीतच पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. दोन्हींचा कारभार सुनंदा बघते. मी मालक असल्यासारखा वावरतो. खोलीत साप निघाला तर पर्यटक मला हाक मारतात आणि मी सुनंदाला. तिला भीती फक्त एकाच गोष्टीची होती, रेवदंड्याहून साळावला जाणाऱ्या खाडीवरच्या पुलाची. आठ वर्षांपूर्वी ती एसटीने चालली होती, पुढे वाहनं अडकल्यामुळे गाडी पुलावर मधोमध थांबली, आणि हिच्या छातीत धडधडायला लागलं. हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आता आपण मरतो असं वाटलं. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत. पण त्या दिवसानंतर ती पुलावर गेली नाही.

पुलापलीकडे मुरुड, आणि मुरुडला आमची मृणाल दिलेली. लग्न अलिबागला झालं, म्हणून निभावलं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मुलीचं घर सुनंदाने फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. एकदा मी तिला रोह्याचा वळसा घालून गाडीने न्यायला निघालो. वाटेतला एक छोटासा पूल दिसला तशी ती खाली उतरली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसली. मी पाठीवर हात ठेवून म्हटलं, “मी आहे ना.” मग आम्ही परत आलो.

पुढे मृणालला दिवस गेले. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण मुरुडला सासरी ठरलं. ती फोनवर म्हणाली, “आई, तू ये. आणि नाही जमलं तरी मी रागावणार नाही.” पहिल्या वाक्याने सुनंदा हसली. दुसऱ्याने ती उठून मागच्या पडवीत गेली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी कधीचं सुचवून ठेवलेलं नाव तिने स्वतः फोन करून विचारून घेतलं.

कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, थोडक्यात सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलून भीती घालवायचा उपचार. घरत सर ती करत. अलिबागला एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, आठवड्यातून दोन दिवस. मी मनाशी चित्र रंगवून ठेवलं होतं: उंच, गोरा, दाढी, मऊ आवाज, कोचावर झोपवून लहानपणीचं काहीतरी उकरून काढणारा. कोचाच्या बाबतीत तर मी सुनंदाला बजावून ठेवलं होतं, “झोप म्हणाले तर बसूनच राहा.”

दार उघडलं आणि एक बुटका, रुंद पावलांचा माणूस बाहेर आला. शर्ट बाहेर सोडलेला, पायांत रबरी सपाता, खिशाला पेनाच्या शाईचा निळा डाग. खालापूरकडच्या शेतावर चिखलणी करून थेट वर आल्यासारखा. मला हायसं वाटलं. एखाद्या माणसाकडे बघून मला इतकं हायसं वाटण्याचं कारण काय, हा प्रश्न तेव्हा मी स्वतःला विचारला नाही.

“या सुनंदाताई,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “काका, तुम्ही बसा बाकावर. पन्नास मिनिटं.”

ती ताई आणि मी काका. हे नातं कसं जुळतं ते मी अजून विचारलेलं नाही.

बाकावर बसून मला ऐकू येत होता तो खालच्या दवाखान्यातला दात कोरण्याचा आवाज. आणि एकदा सुनंदाचं हसणं. मोकळं, तोंडावर पदर न घेता हसलेलं. ते हसू मी ओळखतो. आमच्या घरी ते गौरींना येतं आणि जातं.

परत येताना मी विचारलं, “काय केलं एवढा वेळ?”

“आधी ठरवलं आज काय काय बोलायचं ते. कागदावर लिहिलं. मग कधी होतं, कसं होतं, मनात काय येतं, मग मी काय करते. मला काय हवंय ते विचारलं.”

“काय सांगितलंस?”

“मृणालच्या ओट्यापाशी उभं राहून चहा करायचाय, म्हटलं.”

“आणि त्यांनी काय सांगितलं?”

“सांगितलं काही नाही. विचारलं. आणि घरचा अभ्यास दिलाय.”

मला बरंच वाटलं. सहा वर्षं मी सांगत होतो की असं काही होत नसतं, पूल भक्कम आहे, रोज एवढ्या गाड्या जातात. या माणसाने काहीच सांगितलं नव्हतं. म्हटलं, दोन-तीन वेळा जाईल आणि कंटाळेल.

घरत सरांची अवजारं मला सुनंदाकडूनच एकेक कळत गेली. सगळ्यात मोठं अवजार म्हणजे गप्प बसणं. प्रश्न विचारला की ते थांबत. समोरचा रडो, खिडकीबाहेर बघो, पदराचा काठ मोजो, ते थांबत. भिंतीवरचं घड्याळ दोघांनाही दिसेल असं लावलेलं. चोरून बघायची भानगड नाही. तिच्या हातात पेन्सिल द्यायच्या आधी ते ती स्वतः टोक करून देत. ‘काळजी करू नका’ हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. त्याऐवजी दोन शब्द होते. एक, “किती?” म्हणजे भीती शंभरातली किती. दुसरा, “पुरावा?” सुनंदा म्हणाली की पुलावर माझं हृदय बंद पडेल, तर ते हसत नसत, समजूत घालत नसत. शांतपणे विचारत, पुरावा? मग कागदाच्या एका बाजूला पडेल याचे पुरावे, दुसऱ्या बाजूला पडणार नाही याचे. धडधड हा पहिल्या बाजूचा पुरावा तिने जोरात मांडला, तर त्यांनी तिला खोलीतल्या खोलीत जागच्या जागी तीन मिनिटं पळायला लावलं. स्वतःही पळाले. मग दोघांनी धापा टाकत नाडी मोजली. खालचा दातांचा डॉक्टर छताकडे बघत वर आला म्हणे.

आणि सर्वात शेवटी, दर वेळी, ते विचारत, “आज काय उपयोगाचं वाटलं? काय नाही वाटलं?”

हे ऐकून मी जरा अस्वस्थ झालो. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मी सुनंदाला एकदाही विचारलेला नव्हता. त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी सुपारी कातरता कातरता सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय गं, आज दिवसभरात माझं काय उपयोगाचं वाटलं?”

तिने विचार केला. खरंच केला. “दुपारी तीन तास झोपलात ते.”

मग घरात ‘सर म्हणाले’ची साथ आली. मी म्हटलं, हा पर्यटक पैसेवाला दिसतो, की ती म्हणे, “पुरावा?” मी म्हटलं, पाठ फार दुखते, की ती म्हणे, “किती? शंभरातली?” मी ऐंशी सांगितलं तर म्हणाली, “मग सुपाऱ्या सोलायला कसे बसलात?” तिची चौकोनी रेघांची वही तांदळाच्या डब्यावर असे. मी ती उघडली नाही. याचं श्रेय घ्यायला मला आवडलं असतं, पण उघडून वाचावं तर तिला कळल्यावर काय होईल याचे पुरावे माझ्याकडे भरपूर होते.

घरत सरांचं एक वैगुण्य मला लवकरच सापडलं. एका सकाळी मासळी बघायला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो. होड्यांपाशी चार-पाच कुत्री लोळत पडली होती, आणि त्यांच्यापासून वीसेक पावलांवर घरत सर वाळूत खांब रोवल्यासारखे उभे. कपाळावर घाम. एक कुत्रं शेपटी हलवत उठलं तसे ते अर्धं पाऊल मागे सरले. मला इतका आनंद झाला की मी मासळी विसरून त्यांच्याकडे गेलो.

“काय सर, कुत्र्यांना भिता की काय?”

“व्हय,” ते म्हणाले. तिथे किनाऱ्यावर ते गावच्यासारखेच बोलत. “ल्हानपनी चावलाय. आता पासष्ट हाय. गेल्या रविवारी ऐंशी व्हती.”

एवढं बोलून ते पुन्हा कुत्र्यांकडे बघत उभे राहिले. मी माझा आनंद तसाच घरी घेऊन आलो आणि सुनंदाला रंगवून सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बघा. आणि तुम्ही डॉक्टरकडे दाढ काढायला चार वर्षं जाताय.”

सहाव्या वेळी त्यांनी मला आत बोलावलं. तिसरी खुर्ची आणलेली होती. सुनंदा माझ्याकडे न बघता वही उघडून बसली होती.

“काका,” घरत सर म्हणाले, “पुलाचं नाव निघालं की ताईंना घाम येतो. तेव्हा तुम्ही काय करता?”

“धीर देतो.”

“कसा?”

“हात धरतो. म्हणतो, मी आहे ना. नको वाटत असेल तर नको जाऊ या.”

“मग?”

“मग तिला बरं वाटतं.”

ते थांबले. त्यांचं ते थांबणं पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आलं होतं. घड्याळ समोरच होतं, तरी किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. शेवटी सुनंदाच बोलली. “अहो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण मग मला वाटतं, हे होते म्हणून वाचले. पुढच्या वेळी हे नसले तर? त्यामुळे पूल आहे तिथेच राहतो.”

“म्हणजे मी वाईट केलं?” मी विचारलं.

“नाही काका,” घरत सर म्हणाले. “प्रेमाने केलंत. पण आता ते थांबवायला लागेल. हात नाही, धीर नाही, परत फिरू या नाही. ताईंना कळायला हवं की भीती वर जाते आणि कोणी काही न करता खाली येते.”

ते दिवसाला दहा जणांना असंच सांगत असतील. मला मात्र वाटलं, या माणसाने माझ्या घरात येऊन माझी एकुलती एक नोकरी काढून घेतली.

त्यानंतर पायऱ्या सुरू झाल्या. पुलाचा फोटो बघणं, पुलाच्या तोंडाशी उभं राहणं, पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत चालणं, अर्ध्यापर्यंत, मग रिक्षाने, मग एसटीने. एकेका पायरीवर भीती निम्म्यावर येईस्तोवर थांबायचं. खांबाच्या पायरीला घरत सर स्वतः आले. मी अलीकडे रिक्षा स्टॅंडवर. माझ्या बायकोला खाडीच्या वाऱ्यात चालत नेणारा परका पुरुष मी आमच्या सगळ्या ओळखीच्या लोकांसमोर उभा राहून बघत होतो. तिने हिरवी साडी नेसली होती. का, ते मी विचारलं नाही. दोघं खांबापाशी थांबले. बोलत नव्हते, नुसते उभे. बोलले असते तर परवडलं असतं.

जाळं विणत बसलेला ओळखीचा एक जण म्हणाला, “काका, काकू कोनासंगती हायत त्या?”

“सर आहेत.”

“कशाचे?”

“पुलाचे,” मी म्हटलं.

मग एसटीची पायरी आली. एकटीने रेवदंड्याला बसायचं, साळावला उतरायचं, पुढच्या गाडीने परत. मी सोबत नाही, मागून स्कूटरवर नाही. हे घरत सरांनी मला दोनदा सांगितलं होतं, म्हणजे ते मला पुरते ओळखून होते. मी शब्द पाळला. स्कूटर काढली नाही. फक्त आमच्या ओळखीच्या कंडक्टरला, दिलीपला, सकाळी फोन केला: आमची ही येते आहे, पुलावर तिला जरा होतं, लक्ष असू दे.

आमच्याकडे ‘लक्ष असू दे’ हे सांगावं लागत नाही, आणि सांगितलं तर आवरत नाही. दिलीपने ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरने पुलावर गाडी बैलगाडीच्या चालीने घेतली. दिलीपने गाडीला उद्देशून जाहीर केलं की काकूंना पुलावर कसं तरी होतं, जरा बघा. टोपली घेऊन निघालेल्या एका कोळणीने जागा सोडली आणि सुनंदाच्या शेजारी बसून तिचा हात घट्ट धरला. मागून कोणी लिंबू पुढे केलं, कोणी आंबावडी. मुरुडचे एक म्हातारे चाचा उठून आले, पाण्यावर काही पुटपुटून फुंकर घातली आणि म्हणाले, “पी लो बेटी, अल्ला सब ठीक करेगा.” कोळणीने तिचा पदर सारखा करून तिला आपल्या खांद्यावर टेकवलं. सगळी गाडी ‘आला आला, संपला पूल’ म्हणत साळावला पोचली. लोक निरोप द्यायला पायरीपर्यंत आले.

परतीच्या गाडीनेही तिला तसंच सांभाळून आणलं, कारण दिलीपने फोन करून ठेवला होता.

सुनंदा घरी आली ती लिंबू, आंबावडी आणि एक बांगडा घेऊन. मी उत्साहाने म्हटलं, “झाला ना पूल?”

“झाला कसला. उचलून नेलं मला.” तिने पिशवी खाली ठेवली. “तुम्ही सांगितलंत ना दिलीपला?”

मी लिंबाकडे बघत राहिलो.

“डोहाळजेवणाला अकरा दिवस राहिलेत,” ती म्हणाली, आणि आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. तिला रागावलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. या वेळी ती रागावली नव्हती. ती मुरुडला न पोचण्याच्या तयारीला लागली होती. मृणालसाठी शिवलेली ओटीची पिशवी माझ्याबरोबर पाठवायची म्हणून बांधायला घेतली होती.

घरत सरांकडे मी स्वतःहून आत गेलो आणि कबूल केलं. ओरडले असते तर मलाही काही बोलता आलं असतं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागला. चाचांच्या फुंकरीपाशी त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग एक कोरा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि ती माझ्यापुढे धरली.

“आता तुमचा अभ्यास, काका. ताई एकट्या गेल्या तर काय होईल असं तुम्हाला वाटतं? लिहा.”

मी लिहिलं: पुलावर तिला त्रास होईल. रडेल. मला हाक मारेल. मी नसेन.

“किती वाटतं?”

“नव्वद.”

“आणि ताईंना काहीच झालं नाही, हाक मारायची वेळच आली नाही, तर?”

मी पेन्सिल फिरवत बसलो. ते तर काय, थांबणारच होते.

“त्याचीही भीती तेवढीच,” मी म्हटलं.

सुनंदाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घरत सरांनी फक्त तिसरा रकाना आखून दिला: प्रत्यक्षात काय झालं. तो घरी भरायचा होता.

पुढच्या आठवड्यात ती चार वेळा साळावला जाऊन आली, दिलीपची गाडी टाळून. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी ती सकाळच्या एसटीने एकटी मुरुडला निघाली. मी दुसऱ्या दिवशी यायचं, आणि पोचल्याशिवाय तिने फोन करायचा नाही, असं ठरलं होतं. मी वाडीत गेलो आणि कधी नव्हे ते सगळ्या झाडांच्या आळ्यांना पाणी दिलं. एक आळं दोनदा दिलं.

सव्वाअकराला फोन आला. “अहो, मृणालच्या स्वयंपाकघराची खिडकी समुद्राकडे आहे. तुम्ही एवढ्या वेळा आलात, कधी सांगितलं नाहीत.”

“पूल?”

“हो, पूल. सत्तरपर्यंत गेलं. मग मी बघत बसले, तर उतरायला लागलं. साळाव येईपर्यंत चाळीस. थांबा हं, चहा उतू जातोय.”

मी कागद काढला आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं: पोचली. हाक मारली नाही. मग बराच वेळ तो कागद घेऊन पडवीत बसलो. मला आनंद झाला होता, आणि तो शंभर होता असं मी म्हणणार नाही.

बाराव्या भेटीला घरत सरांनी सुनंदाला सांगितलं, आता यायची गरज नाही. पुन्हा काही वाटलं तर काय करायचं ते तिलाच लिहायला लावलं, आणि तोच कागद तिला दिला. तिने वाडीतल्या नारळांची पिशवी पुढे केली. त्यांनी दोन ठेवून घेतले, बाकीचे परत दिले. जिन्यावरून उतरताना तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण ते खालच्या दवाखान्यातल्या औषधाच्या वासाने.

गेल्या थंडीत आम्ही अलिबागच्या मासळीबाजारात होतो. सुनंदा पापलेटांच्या भावावरून कोळणीशी भांडत होती. दोघींनाही मजा येत होती. समोरून हातात पिशवी घेऊन घरत सर आले. ते आपणहून बोलणार नाहीत हे मला माहीत होतं; बाहेर कुठे गाठ पडली तर ओळख द्यायची की नाही हे येणाऱ्याने ठरवायचं, असं त्यांनी सुनंदाला सांगून ठेवलेलं. म्हणून ते नुसतेच चाल मंदावून, सुकटीच्या एका टोपलीपाशी थांबले. सुनंदाने सुट्या पैशांसाठी मान वर केली, त्यांच्याच दिशेने पाहिलं, आणि तिला ते दिसले नाहीत. तिचं लक्ष पापलेटात होतं. ती पुन्हा वाकली.

घरत सर क्षणभर तसेच उभे होते. हसण्याच्या तयारीत असलेला चेहरा हळूहळू नेहमीसारखा झाला. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर आली. तो चेहरा मी ओळखला. गेली दोन वर्षं मी तो घेऊन हिंडत होतो. त्यांनी मान किंचित हलवली, मीही हलवली, आणि ते गर्दीतून बाहेर पडले.

“कोण हो?” सुनंदाने पापलेटं पिशवीत टाकत विचारलं.

सांगितलं असतं तर ती धावत गेली असती. हातातली पिशवी मला देऊन, गर्दीतून वाट काढत, ‘सर, सर’ करत. मला ते स्पष्ट दिसत होतं.

“ओळखीचे एक,” मी म्हटलं.